दया नको, फाईल द्या

हातातल्या मोबाईलवर एक छोटी चाचणी करून बघा. शाळेच्या, क्लासच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर आलेली कुठलीही मराठी पीडीएफ उघडा. एका परिच्छेदावर बोट दाबून धरा, मजकूर कॉपी करा आणि तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा.

चारपैकी एक गोष्ट होईल. नशीब चांगलं असेल तर स्वच्छ मराठी मजकूर दिसेल. किंवा बोट दाबूनही काहीच निवडलं जाणार नाही, कारण ती पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो आहेत. किंवा मराठी येईल, पण वेलांट्या एकीकडे, रफार दुसरीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. किंवा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची आणि डॉलरची चिन्हं असा सगळा कचरा येईल.

तुमचं यात काही बिघडत नाही. तुमच्या डोळ्यांना पान नीट दिसतं, तुम्ही वाचून मोकळे होता. पण ज्या विद्यार्थ्याला डोळ्यांनी वाचता येत नाही, त्याचा फोन त्याला पान वाचून दाखवतो. फोनला पान दिसत नसतं. त्याला दिसतो पानामागचा मजकूर, म्हणजे तुम्ही आत्ता पेस्ट केलात तोच. तिथे कचरा असेल तर इतिहासाच्या धड्यात त्या मुलाला ऐकू येतं, ‘कंस सुरू, डॉलर, टक्के, एक्स’. तिथे फोटो असेल तर काहीच ऐकू येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी पुस्तक न वाचता येणं याला आपण त्या मुलाचं अपंगत्व म्हणतो. खरं तर तो बहुतेक वेळा पुस्तक बनवणाऱ्यानं शेवटच्या टप्प्यावर घेतलेला एक निर्णय असतो. तो निर्णय बदलायला नवं संशोधन लागत नाही, मोठा निधी लागत नाही, कुणाची दया तर अजिबात लागत नाही.

१४१ टक्के

हे मी एवढ्या ठामपणे सांगतो, कारण तो शेवटचा टप्पा माझ्या धंद्यातला आहे. मी वाशिमला डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ठरावाच्या नकला, पीकविम्याची कागदपत्रं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्या आठवड्यात, गेली तीन वर्षं, एक आई आपल्या मुलाला घेऊन दुकानात येते. मुलगा यंदा नववीत आहे. त्याला दिसतं, पण पुस्तकातल्या आकाराचं अक्षर दिसत नाही.

मग आम्ही पुस्तकाचं एकेक पान काचेवर ठेवतो आणि मशीनवर १४१ टक्के दाबतो. ए-फोरचं पान ए-थ्रीवर निघतं. १४१ हा आकडा झेरॉक्सवाल्याला झोपेतही पाठ असतो. आई कागद हातात घेऊन विचारते, “अक्षरं याहून मोठी होतीन काय, भाऊ?” होऊ शकतात, पण मग एका पानाचे चार तुकडे करावे लागतात आणि वाक्य मधूनच तुटतं. भूगोलाच्या पुस्तकात तर वेगळीच पंचाईत. रंगीत नकाशा काळ्यापांढऱ्या मशीनमधून निघाला की गुलाबी आणि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी होतात. महाराष्ट्र कुठे संपला आणि तेलंगणा कुठे सुरू झाला ते मलाही सांगता येत नाही.

ए-थ्रीचं एक पान पाच रुपये धरा. शंभर-सव्वाशे पानांच्या एका पुस्तकाचे पाच-सहाशे रुपये. असे विषय किती, ते मोजा. मी दर कमी करू शकतो, पण प्रश्न माझ्या दराचा नाही. काचेवर ठेवलेलं ते पुस्तक कधीतरी कुणाच्या तरी संगणकावर मजकूर म्हणून टाईप झालेलं होतं. तो मजकूर मला मिळाला असता, तर अक्षर चाळीस पॉईंटचं करायला दोन सेकंद लागले असते. कागदही लागला नसता, मुलानं फोनवरच वाचलं असतं.

पुस्तक कुठे बंद होतं

नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी टाईप होऊ लागली, तेव्हा संगणकाला देवनागरी कळत नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरं बसवली. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरच असतं, फॉन्ट फक्त त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. त्या युक्तीवर मराठीतली वर्तमानपत्रं, पुस्तकं, दिवाळी अंक चालले, त्या लोकांचे आभारच मानायला हवेत.

पुढे युनिकोड आलं. त्यात ‘क’ला स्वतःचं घर आहे, स्वतःचा क्रमांक आहे. फोन कुठलाही असो, फॉन्ट कुठलाही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठी लिहिता ते युनिकोडच. म्हणजे पानटपरीवरचा पोरगा जे मराठी लिहितो ते अंध विद्यार्थ्याचा फोन बिनचूक वाचतो, आणि विद्वानांच्या समितीनं तपासलेला धडा जुन्या फॉन्टात असेल तर तोच फोन अडखळतो.

दुसरी भानगड छपाईची. फाईल प्रेसला पाठवताना अक्षरं हलू नयेत म्हणून आम्ही मजकुराचे ‘कर्व्ह’ करतो. म्हणजे अक्षरांची चित्रं होतात. प्लेट काढायला ते बरोबर आहे. पण तीच प्रेसची फाईल जशीच्या तशी वेबसाईटवर चढवली की ती वाचकासाठी मेलेली असते. अपलोड करणाऱ्याला वाटतं, पुस्तक ‘डिजिटल’ झालं.

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर कधीचेच आहेत, मी ते रोज वापरतो. थोडं तपासावं लागतं, इतकंच. त्यामुळे कुणी ‘तांत्रिक अडचण आहे’ म्हणालं, की मला ती अडचण कुठल्या बटणाची आहे ते विचारावंसं वाटतं.

‘अशी मुलं असून असून किती?’

हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काळा चष्मा घातलेलं एकच मूल असतं.

छापील मजकूर वाचता न येणं याची कारणं अनेक. कुणाला अजिबात दिसत नाही. कुणाला अंधुक दिसतं. कुणाला स्पष्ट दिसतं, पण अक्षरं आणि उच्चार यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. ते डिस्लेक्सिया. ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला तेव्हा आपण सगळे रडलो होतो, त्यातल्या मुलाची अडचण ही. कुणाला सेरेब्रल पाल्सीमुळे पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही. या सगळ्यांसाठी छापील पुस्तक म्हणजे कुलूप, आणि या सगळ्यांना उपयोगी पडणारी किल्ली एकच: खरा मजकूर असलेली फाईल. त्यातून ब्रेल निघतं, मोठं अक्षर निघतं, आवाज निघतो, आणि डिस्लेक्सियाच्या मुलाला फोन एकेक शब्द रंगवत वाचून दाखवू शकतो.

२०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. सहा तालुके, गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा. इथे डिस्लेक्सिया हा शब्दच फार घरांत पोचलेला नाही. त्या मुलांना आपण ‘ढ’ म्हणतो, ‘लक्ष नाही’ म्हणतो, शेतात सोयाबीन सोंगायला नेतो. मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन काम करते. मराठीतून डिस्लेक्सिया तपासण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून उपलब्ध आहे. ज्यांना कधी मोजलंच नाही, त्यांची संख्या कमी आहे असं म्हणायला आपण कुठल्या तोंडानं धजतो?

आणि समजा, अख्ख्या जिल्ह्यात एकच मूल असतं. तरी त्याचं पुस्तक त्याचं होतं.

कायदा आपल्या बाजूनं कधीचाच आहे

‘कॉपीराइटचं लफडं होईल’ हे कारण २०१२ सालीच संपलं. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कुठलंही पुस्तक तिला चालेल अशा रूपात बदलायला, त्याची प्रत करून द्यायला कलम ५२ नुसार परवानगी लागत नाही. हे शिक्षक करू शकतात, बहीण करू शकते, ना-नफा तत्त्वावर काम करणारी संस्था करू शकते. ही दुरुस्ती आपोआप झालेली नाही. देशभरातल्या अंध वाचकांनी, वकिलांनी, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्रासारख्या संस्थांनी ‘वाचण्याचा हक्क’ ही मोहीम चालवून ती मिळवली.

पुढच्या वर्षी, जून २०१३ मध्ये, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात जगातल्या देशांनी याच विषयावर करार केला. अशी रूपांतरित पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावीत म्हणून. त्या कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देश कोणता? भारत, जून २०१४. जगात पहिला नंबर.

मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, यात एकवीस झाले, आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतांना पहिल्यांदाच जागा मिळाली. या कायद्याचं कलम १७ सांगतं, की चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, इतर शिक्षण साहित्य आणि सहायक साधनं मोफत द्यायची. कलम ४२ सांगतं, की छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सगळ्यांना वापरता येईल अशा रूपात उपलब्ध व्हावा, यासाठी सरकारनं पावलं उचलायची.

‘अठराव्या वर्षापर्यंत’ हे शब्द पुन्हा वाचा. मोफत पाठ्यपुस्तकांची सर्वसाधारण योजना आठवीपर्यंत चालते. नववीत गेलेलं मूल त्या यादीतून बाहेर पडतं, पण दिव्यांग हक्क कायद्यातून ते बाहेर पडत नाही. माझ्या दुकानात ए-थ्रीची पानं मोजणारा मुलगा नेमका त्या फटीत उभा आहे.

सर्वोच्च न्यायालयानंही यात शंका ठेवलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या एका निकालात न्यायालय म्हणालं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणजे कायदा आहे, करार आहे, निकाल आहेत. नाही ती फाईल.

गोड पर्याय आणि त्यांचा खरा भाव

फाईल मागितली की हातात पर्याय ठेवले जातात. प्रत्येक पर्याय देणाऱ्याला छान वाटेल असा.

पहिला पर्याय लेखनिकाचा. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. या सवलती लढून मिळवलेल्या आहेत आणि त्या हव्यातच. पण लेखनिक परीक्षेच्या तीन तासांसाठी येतो. त्याआधी वर्षभर अभ्यास कशावरून करायचा? पुस्तक द्यायचं नाही आणि उत्तरं लिहायला माणूस द्यायचा, याला सोय म्हणणं ही थट्टा आहे.

दुसरा पर्याय शिबिराचा. व्यासपीठ, बॅनर, काठ्या, चष्मे, फोटो. फोटोत मूल नेहमी घेणाऱ्याच्या जागी असतं. आजवर एकाही शिबिरात मी ‘नववी विज्ञान, युनिकोड प्रत’ वाटताना पाहिलेली नाही. फाईलचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

तिसरा पर्याय आवाजाचा. स्वयंसेवक धडे वाचून रेकॉर्ड करतात, ते पुण्याचं काम आहे. पण बाई वर्गात म्हणाल्या, ‘पान सत्तेचाळीस, तिसरा परिच्छेद’, तर चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये तो शोधायचा कुठे? शिवाय ऐकून शुद्धलेखन येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला एकच. एकाचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब. म्हणून ब्रेल अजूनही लागतं. १९५१ पासून चालत आलेल्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांचे ठिपके वेगळे आहेत. बोटाखाली दोन्ही शब्द वेगळे लागतात. फक्त कानानं शिकलेला विद्यार्थी लिहायला बसला की आपण त्याचं शुद्धलेखन काढतो, आणि त्याला अक्षर कधी दाखवलंच नाही हे विसरतो.

चौथा पर्याय तुमच्यापैकी बरेच जण सुचवतील. ‘आता एआय आहे ना! गूगल लेन्सनं फोटो काढायचा, फोन वाचून दाखवतो.’ एखादी पाटी, एखादी चिठ्ठी यासाठी ते उत्तमच. पण विज्ञानाच्या पानावर दोन रकाने, बाजूला चौकट, खाली तक्ता, मध्ये समीकरण असतं. ॲप कुठून सुरू करून कुठे उडी मारेल ते सांगता येत नाही. अपूर्णांकातली मधली रेघ गेली तर गणितच बदलतं. चूक झाली हे ओळखायला पान दिसावं लागतं, आणि तेच तर दिसत नाही. शिवाय जो मजकूर प्रकाशकाकडे अचूक पडलेला आहे, तो फोटोवरून अंदाजानं ओळखायला मुलाला लावणं म्हणजे वाड्यात विहीर असताना सुनेला नदीवर घागर घेऊन पाठवणं.

पाचवा पर्याय सर्वांत मोठ्या आवाजात सांगितला जातो. ‘अंध शाळेत घाला ना.’ या शाळांनी मोठं काम केलं आहे. दादरची अंध शाळा १९०० सालची आहे. पण कोणत्या शाळेत जायचं हे मुलानं आणि आईबापांनी ठरवायचं. गावातली शाळा पुस्तक देत नाही म्हणून सहा-सात वर्षांचं लेकरू दूरच्या वसतिगृहात पाठवायचं, याला निवड म्हणत नाहीत. आणि डिस्लेक्सियाच्या मुलाला कुठल्या अंध शाळेत घालणार?

आपल्या जिल्ह्यात केकतउमऱ्याचा ‘चेतन सेवांकुर’ हा अंध मुलांचा वाद्यवृंद सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी गावोगावी गाऊन नाव कमावलं, ते त्यांच्या मेहनतीनं. पण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या समाजानं अंध मुलाच्या भविष्याची एक चौकट मनात पक्की केली आहे. तो गाईल, तबला वाजवेल. तो केमिस्ट्री घेईल, वकील होईल, तहसीलदार होईल, कृषी विद्यापीठात जाईल हे आपल्या डोक्यात येत नाही. गाणं कानानं शिकता येतं. बाकीच्या वाटा पुस्तकांतून जातात.

राज्याला जमतं, हे राज्यानंच दाखवलंय

‘पाठ्यपुस्तकाचा कारभार फार मोठा, एवढा बदल कसा करणार?’ असं कुणी म्हटलं तर दोन गोष्टी आठवून द्या.

दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ मध्ये राज्यानं दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत विभागली आणि त्यांत वहीची कोरी पानं घातली. लाखो प्रती, सगळे विषय, एका शैक्षणिक वर्षात. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागेही घेतला. निर्णय चूक की बरोबर हे बाजूला ठेवू. पुस्तकाचं रूप राज्यभर बदलता येतं आणि परत पहिल्यासारखं करता येतं, एवढं सिद्ध झालं.

दुसरी गोष्ट क्यूआर कोडची. पाठ्यपुस्तकांवर तो छापला जाऊ लागला त्याला काही वर्षं झाली. स्कॅन केलं की दीक्षावरचं साहित्य उघडतं. म्हणजे प्रत्येक पुस्तकाला जोडलेली एक डिजिटल वाट आधीच आहे. तिच्या टोकाला पुस्तकाचा खरा मजकूर ठेवायला कोण अडवतंय?

ही वेळही नेमकी आहे. २०२५-२६ पासून पहिलीची नवी पुस्तकं आली आणि आता इतर इयत्तांची टप्प्याटप्प्यानं बदलायची आहेत. समग्र शिक्षा योजनेतून ब्रेल आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं देण्याची तरतूद आहे. पण ब्रेल जर छापील पुस्तक बाजारात आल्यावर, पुन्हा टाईप करून सुरू होणार असेल, तर ते नेहमी मागेच राहणार. अभ्यासक्रम बदलला की आधीची मेहनत रद्दीत. मूळ फाईल मिळाली तर ब्रेलचं काम छपाईच्या बरोबरीनं सुरू होतं. अमेरिकेनं २००४ च्या कायद्यानं हेच केलं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्यांकडून ठरावीक रचनेतली मूळ फाईल एका राष्ट्रीय केंद्रात जमा होते आणि तिथून ब्रेल, मोठं अक्षर, आवाज हवा तसा काढला जातो. आपल्याकडे तर काम आणखी सोपं आहे. तिथे खासगी प्रकाशक अनेक, इथे राज्याच्या शाळांची बहुतेक पुस्तकं १९६७ पासून एकच संस्था काढते, बालभारती. एकाच दारावर थाप मारायची आहे.

तर मागण्या या.

एक. पुस्तक ज्या दिवशी छपाईला जाईल, त्याच दिवशी त्याचा युनिकोड मजकूर, शीर्षकं आणि पानांचे क्रमांक यांसह, ईपब रूपात खुला करा. पीडीएफ ठेवाच, पण ती एकटी नको.

दोन. प्रत्येक चित्राचं, नकाशाचं, आलेखाचं वर्णन पुस्तक लिहिणाऱ्यांनीच लिहावं. ‘चित्राचे निरीक्षण करा’ असा प्रश्न विचारणाऱ्याला चित्रात काय आहे हे शब्दांत सांगता आलंच पाहिजे.

तीन. नववी ते बारावीतल्या मुलांना कलम १७ प्रमाणे पुस्तकं द्या. झेरॉक्सचा खर्च आईच्या मजुरीतून नको.

चार. वाशिम हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्या योजनेत जिल्ह्याचं काम मोजताना पाठ्यपुस्तकं सत्र सुरू झाल्यापासून महिन्याभरात मिळाली का, हेही बघितलं जातं. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घाला: ब्रेल, मोठं अक्षर आणि फाईल किती मुलांना, कोणत्या तारखेला मिळाली. आकडा दर महिन्याला जाहीर करा. जे मोजलं जातं त्याचीच फाईल टेबलावर सरकते, हे कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही माहीत आहे.

आणि तुम्ही

सरकारनं करावं म्हणून आपण वाट बघत बसायचं नाही. पण सरकारचं काम आपल्या अंगावर घेऊन त्याला मोकळंही सोडायचं नाही. दोन्ही एकदम चालू ठेवायचं.

तुम्ही नोट्स बनवता, क्लास घेता, चॅनेल चालवता? युनिकोडमध्ये लिहा, फोटो टाकलात तर खाली मजकूरही टाका. तुम्ही शिक्षक आहात? घटक चाचणीची प्रश्नपत्रिका हातानं लिहून फोटो काढण्याऐवजी फोनवर टाईप करा, वर्गातल्या एका मुलाला ती वाचता येईल. तुम्ही डीटीपी करता? कर्व्ह करण्याआधीची प्रत जपून ठेवा आणि शाळेला ती द्या. वापरायची साधनं फुकट आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आहेच. संगणकासाठी एनव्हीडीए आहे. ते दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि आजही त्याचे पैसे पडत नाहीत. ‘सुगम्य पुस्तकालय’ ही ऑनलाईन लायब्ररी २०१६ पासून आहे. तुमच्या ओळखीतल्या कुणाला लागत असेल तर नाव नोंदवून द्या.

आणि माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यात किती विद्यार्थ्यांना ब्रेल किंवा मोठ्या अक्षराची पुस्तकं दिली, कोणत्या इयत्तेची, कोणत्या तारखेला. दहा रुपयांचं तिकीट लागतं. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम: सहा तालुके, सहा अर्ज, साठ रुपये. ए-थ्रीची बारा पानं होतात तेवढ्यात.

उत्तर आलं की ग्रुपवर टाका. फोटो काढून नको. टाईप करून.